जयबाचा बुरुज आणि प्रेमाचा क्रम

१

जयगडच्या किल्ल्याविषयी सांगितली जाणारी आख्यायिका थोडक्यात अशी आहे. शास्त्री नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या उंचवट्यावर किल्ल्याचे बांधकाम चालू होते. पण काही केल्या ते उभे राहीना. नरबळी दिल्याखेरीज बांधकाम टिकणार नाही असे ठरले, तेव्हा जयबा नावाच्या एका महार तरुणाने आपला देह देऊ केला. बांधकाम तडीस गेले आणि गडाला जयबाचे नाव मिळाले. अशा तऱ्हेच्या आख्यायिका महाराष्ट्रात इतरत्रही आढळतात. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाविषयीची तर सर्वश्रुतच आहे. जयगडचे वेगळेपण इतकेच की इथे बळी गेलेल्याचे नाव बुरुजाच्या पायाशी दडून न राहता साऱ्या गडावर आणि पुढे गावावर चढले. विजापूरकर, संगमेश्वरचे नाईक, १७१३ नंतर कान्होजी आंग्रे आणि १८१८ मध्ये इंग्रज असे या गडाचे धनी बदलत गेले. यांपैकी कोणाचेही नाव त्याला चिकटले नाही. ज्याच्या मालकीचा तो कधीच नव्हता त्याचेच नाव टिकले.

आख्यायिकेचा ऐतिहासिक खरेखोटेपणा हा इथला प्रश्न नाही. संहिता म्हणून तिच्याकडे पाहिले तर एका क्रियापदाशी वाचकाला थांबावे लागते. जयबाने देह ‘देऊ केला’ असे ती सांगते. हे सांगणारा कोण? ज्याला चिणले गेले त्याची साक्ष आख्यायिकेत नाही. असणे शक्यही नाही. बळी मागणारे, बळी घेणारे आणि बळीची गोष्ट सांगणारे यांच्यामध्ये काही नाते असणार, असा संशय दलित साहित्याच्या वाचनाने सजग झालेल्या वाचकाला आल्यावाचून राहत नाही. देणे स्वेच्छेचे असेल तर जयबा हुतात्मा ठरतो. ते सक्तीचे असेल तर गडाचे नाव ही एका अपराधाची अजाण कबुली ठरते. संहिता या दोन अर्थांमधली फट बुजवून टाकते आणि श्रोत्याने ती उकलू नये अशी तिची अपेक्षा असते.

देशप्रेमाविषयीचा कोणताही गंभीर विचार या फटीपाशी यावाच लागतो. देश, राज्य, गड, राष्ट्र अशा सामूहिक वास्तूंसाठी माणसाने काय द्यावे, हा एक प्रश्न झाला. कोणी द्यावे, हा दुसरा. आणि तो सहसा विचारला जात नाही. ख्रिस्ती विचारपरंपरेला मात्र हा दुसरा प्रश्न टाळता येत नाही, कारण तिच्या केंद्रस्थानीच एका माणसाचा वध आहे आणि त्या वधाचेही दोन अर्थ लावले गेले आहेत. मारणाऱ्यांनी तो राष्ट्रहितासाठी केला असे म्हटले; मरणाऱ्याने तो दान म्हणून स्वीकारला. जयबाच्या गोष्टीत जे अर्थ एकमेकांत मिसळून टाकले आहेत ते शुभवर्तमानात वेगवेगळ्या तोंडी दिलेले आहेत.

२

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. येशूच्या मागे लोक जाऊ लागले तर रोमन येतील, आपले मंदिर आणि आपले राष्ट्र दोन्ही हिरावून घेतील, अशी धास्ती यरुशलेमच्या धर्मधुरीणांना पडते. तेव्हा प्रमुख याजक कयफा त्यांना एक सरळ हिशेब समजावून सांगतो: सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे हिताचे. कयफा हा खलपुरुष म्हणून रंगवण्याची सवय असल्यामुळे त्याच्या युक्तिवादातील समंजसपणा नजरेआड होतो. परकीय सत्तेच्या टाचेखाली असलेल्या एका लहान समाजाच्या नेत्याने केलेली ती देशहिताची चिंता आहे. तो स्वार्थासाठी बोलत नाही. निदान तसे त्याला स्वतःला वाटत नाही. जयगडच्या बांधकामाला बळी हवा म्हणणाऱ्यांचा हिशेबही याहून वेगळा नसावा.

यावरून एक निष्कर्ष निघतो आणि तो ख्रिस्ती माणसाला अडचणीचा आहे. आपल्या प्रभूला ज्या युक्तिवादाने वधस्तंभावर चढवले तो युक्तिवाद देशभक्तीचा होता, हे त्याला ठाऊक असल्यामुळे राष्ट्राला तो आपल्या मूल्यव्यूहात पहिले स्थान देऊ शकत नाही. पर्वतावरील प्रवचनात प्रथम देवाचे राज्य शोधण्याची जी सूचना आहे ती अन्नवस्त्राच्या चिंतेच्या संदर्भात आली असली तरी तिचा रोख व्यापक आहे. जे पहिले नाही त्याला पहिले मानले की ते बळी मागू लागते, असे तिचे एक वाचन करता येते.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच वाचन होईल. ज्या नगरीने आपला वध करावयाचा त्या यरुशलेमकडे दुरून पाहून येशूला रडू आले, असे लूक सांगतो. पौल तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात इतक्या टोकाला जातो की आपल्या जातबांधवांच्या भल्यासाठी आपण ख्रिस्तापासूनच तोडले गेलो तरी चालेल, असे त्याला वाटून जाते. पौलाच्या साऱ्या विचारव्यूहात यापेक्षा मोठी किंमत असलेली वस्तू नाही; आणि ती तो स्वतःच्या पदरची द्यायला निघतो. कयफा आणि पौल हे देशप्रेमाचे दोन ध्रुव मानता येतील. दोघांनाही आपल्या लोकांचा कळवळा आहे. एक दुसऱ्याला पुढे करतो, दुसरा स्वतः पुढे होतो.

या दोहोंच्या मध्ये कुठेतरी योना उभा आहे. निनवे ही त्याच्या देशाच्या शत्रूची राजधानी. तिथे जाऊन पश्चात्तापाचा संदेश दे, असा आदेश मिळताच तो याफोच्या बंदरावर जाऊन उलट्या दिशेच्या जहाजात बसतो. योना भित्रा आहे म्हणून पळत नाही. शत्रूलाही क्षमा मिळेल या भीतीने पळतो, हे पुस्तकाच्या शेवटी उघड होते. त्याचे देशप्रेम अस्सल आहे आणि म्हणूनच ते त्याला दयेच्या आड आणते. निनवेतल्या लाखाहून अधिक अजाण माणसांचा, आणि गुराढोरांचाही, मी कळवळा करू नये काय, या देवाच्या प्रश्नावर पुस्तक संपते. योनाने काय उत्तर दिले ते सांगितलेले नाही. बंदराच्या गावी राहणाऱ्या वाचकाला ही गोष्ट अधिक जवळून कळावी: जहाज देशाबाहेर नेते खरे, पण माणूस आपल्या देशाभिमानासकट त्यात बसलेला असतो.

ऑगस्टीनने या सगळ्याला एक तात्त्विक चौकट दिली. त्याच्या मते सद्गुण म्हणजे प्रेमाचा क्रम. वाईट वस्तूंवर प्रेम करणे हा माणसाचा मुख्य दोष नसून चांगल्या वस्तूंवर चुकीच्या क्रमाने प्रेम करणे हा आहे. देश ही चांगली वस्तू आहे. कुटुंब आहे, भाषा आहे, स्वतःचे जीवितही आहे. प्रश्न उरतो तो कोणती कोणाखाली, हा. जीवनातील अग्रक्रम ठरवणे ही ख्रिस्ती दृष्टीने वेळेच्या नियोजनाची बाब नाही. ती उपासनेची बाब आहे, कारण ज्याला पहिले स्थान दिले त्याचीच उपासना होते.

३

हा विचार मराठीत एका माणसाने केवळ मांडला नाही, जगून पाहिला. नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. जयगडपासून थोड्याच अंतरावर असलेल्या मालगुंडला १८६६ मध्ये कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, जन्मले. नागपुरात या दोघांचा परिचय झाला. आधुनिक मराठी कवितेच्या उगमापाशी असलेल्या या दोन कवींना कोकणच्या एकाच पट्टीने घडवले, हा निव्वळ भौगोलिक योगायोग मानला तरी दोघांपुढचा प्रश्न एकच होता: या समाजाचे काय करावयाचे?

टिळकांच्या धर्मांतराची कथा बहुधा आत्मिक शोधाची कथा म्हणून सांगितली जाते. तिच्यातील देशविषयक धागा तितकासा पुढे येत नाही. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पर्वतावरील प्रवचनाने त्यांचा ठाव घेतला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या आगगाडीत बसण्यापूर्वीच हा माणूस देशाच्या उद्धारासाठी एक नवा धर्म उभारावा काय या विचारात गढलेला होता. जातिभेद, परंपरेचे ओझे आणि कर्तृत्वशून्यता यांतून देश सुटावा तर त्याच्या धर्माचीच पुनर्घटना हवी, असे त्याला वाटत होते. टिळक देश सोडून ख्रिस्ताकडे गेले असे म्हणण्याऐवजी देशाचा प्रश्न घेऊन ते ख्रिस्तापाशी पोचले असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. पोचल्यावर मात्र क्रम बदलला. जो साधन म्हणून शोधला जात होता तो साध्य झाला आणि देश दुसऱ्या स्थानी आला.

दुसरे स्थान म्हणजे उणे स्थान काय? याचा निवाडा टिळकांच्या कवितेतच करावा लागतो. धर्मांतरानंतर त्यांची देशभक्तिपर कविता आटली नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगात केली, ख्रिस्तचरित्र ओवीत आरंभले, कीर्तनाचा घाट ख्रिस्ती उपासनेत आणला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, या आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. रूपक म्हणून ते नीट पाहावे. पूल ओलांडल्यावर तो मागे पडतो, असे कोणी म्हणेल. पण टिळक त्या पुलावरून आयुष्यभर येजा करीत राहिले. ‘अभंगांजली’ वाचणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच जिल्ह्यात आणखी एक विचार आकाराला आला आणि त्याला बाजूला सारून हा प्रश्न पुरा होत नाही. वि. दा. सावरकर अंदमानातून परतल्यावर काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात होते आणि १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. ‘हिंदुत्व’ हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये प्रकाशित झाला. सिंधूपासून सागरापर्यंतची ही भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभूही आहे तो हिंदू, ही त्यातील व्याख्या. तिच्यातून ओघानेच येणारा आक्षेप असा की ख्रिस्ती वा मुसलमान माणसाची पितृभू इथे असली तरी पुण्यभू दूर देशी आहे. सबब त्याचे प्रेम विभागलेले राहणार. टिळक १९१९ मध्येच निवर्तले होते, त्यामुळे या आक्षेपाला त्यांनी उत्तर देण्याचा प्रश्न नव्हता. पण त्यांच्या आयुष्यात आणि शुभवर्तमानात उत्तर शोधता येते.

योहानाच्याच चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री येशूला नेमका पुण्यभूचा प्रश्न विचारते: उपासना आमच्या या डोंगरावर करावी की तुमच्या यरुशलेमात? येशूचे उत्तर दोन्ही स्थळे बाजूला सारणारे आहे. खरी उपासना आत्म्याने आणि सत्याने व्हावयाची, या डोंगरावर किंवा यरुशलेमात नव्हे. काटेकोरपणे पाहिले तर ख्रिस्ती धर्माला पुण्यभूच नाही; किंवा जिथे हे घडते ती प्रत्येक भूमी पुण्यभू आहे. यरुशलेमच्या यात्रा आणि धर्मयुद्धे इतिहासात झाली हे खरे, पण ती या उत्तराच्या विरुद्ध जाऊन झाली. टिळकांना देवाचे दर्शन घ्यावयाला पॅलेस्टाइन लागत नव्हते. ते त्यांना महाराष्ट्रात होत होते आणि मराठीत होत होते.

४

तथापि आक्षेपात तथ्याचा एक अंश आहे आणि तो सचोटीने मान्य केला पाहिजे. प्रेम भूमीमुळे विभागले जात नसले तरी संस्थेमुळे विभागले जाऊ शकते. ख्रिस्ती धर्म हिंदुस्थानात आला तो बहुतेक ठिकाणी परदेशी पैसा, परदेशी प्रशासन आणि परदेशी अभिरुची यांच्यासह. गोमंतकात १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने हजारो मराठी ओव्या रचल्या आणि या भाषेची मनापासून थोरवी गायिली. त्याच गोमंतकात १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. धर्म एकच, भूमी एकच. एकाने भाषेवर प्रेम केले, दुसऱ्याने तिचा उच्छेद आरंभला. तेव्हा देशप्रेमाचा निर्णय केवळ धर्माच्या नावावरून लावता येत नाही. त्या धर्माच्या हाती कोणती सत्ता आहे, हेही पाहावे लागते.

पंडिता रमाबाईंना हा पेच फार लवकर जाणवला. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर वाँटेजच्या भगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांचा वाद येतो. लॅटिनमध्ये संस्कृतहून अधिक पावित्र्य ते काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. ख्रिस्ताला शरण जाणे आणि इंग्लंडच्या चर्चला शरण जाणे या दोन गोष्टी रमाबाईंनी कधीच एक होऊ दिल्या नाहीत. पुढे मुक्तिसदनात बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलचे जे सुबोध मराठी भाषांतर केले त्यामागेही हीच धारणा असावी: देवाचे वचन आपल्या बायकांना आपल्या बोलीत कळले पाहिजे.

टिळकांच्या बाबतीत हा पेच पोटापाण्याशी निगडित होता. अहमदनगरला ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. वेतन मिशनचे, काम मिशनचे. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्याच व्यवस्थेतले. ज्या चर्चला ते स्वदेशी व्हायला सांगत होते त्याच चर्चच्या परदेशी निधीवर त्यांची चूल पेटत होती. १९१७ मध्ये त्यांनी हे वेतन सोडले, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ आरंभला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. चर्चचे कुंपण न मोडता त्याला दरवाजा करण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतर दोन वर्षांतच, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार फार काळ टिकला नाही.

समीक्षकांना टिळकांच्या आयुष्यातील हा शेवटचा टप्पा अपयशाचा वाटू शकतो. वस्तुतः त्यांच्या विचारातील क्रम जर कुठे पूर्ण झाला असेल तर तो इथे. १८९५ मध्ये त्यांनी देवाला देशाच्या आधी ठेवले. त्याची किंमत त्यांना आप्त, जात आणि सामाजिक मान या रूपाने द्यावी लागली. १९१७ मध्ये त्यांनी देवाला देवाच्या संस्थेच्याही आधी ठेवले; त्याची किंमत उपजीविका होती. दोन्ही वेळी जे गेले ते त्यांच्या स्वतःच्या पदरचे गेले. कयफाचा हिशेब त्यांनी कधी केला नाही.

५

की केला? या ठिकाणी ‘स्मृतिचित्रे’ वाचावीच लागतात. लक्ष्मीबाईंच्या या आत्मचरित्राचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. मराठी समीक्षेने त्यातील विनोद, निरागसता आणि भाषेचा साधेपणा यांचे भरभरून कौतुक केले आहे. परंतु अग्रक्रमांविषयीचा एक ग्रंथ म्हणून तो फारसा वाचला गेलेला नाही. देवाला प्रथम, देशाला द्वितीय स्थान देणाऱ्या पुरुषाच्या यादीत पत्नी आणि घर कितवे येते, हा प्रश्न लक्ष्मीबाई तात्त्विक भाषेत विचारीत नाहीत. घरात आज दाणे आहेत की नाहीत, आलेले पैसे वाटेत कोणाला देऊन टाकले, न विचारता आणलेले पाहुणे किती, अशा तपशिलांतून तो सतत विचारला जातो.

१८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मुलाला घेऊन एकट्या पडल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरातील स्त्रीला नवरा जिवंत असताना पतिविरहित होणे म्हणजे काय, हे त्या आक्रोश न करता सांगतात आणि म्हणूनच ते अंगावर येते. टिळकांनी आपले आप्त आणि आपली जात स्वतःच्या निर्णयाने सोडली. लक्ष्मीबाईंचे जे गेले ते त्यांना न विचारता गेले. जयबाच्या आख्यायिकेतील ते क्रियापद इथे पुन्हा समोर येते. त्यागाची भाषा बोलणाऱ्याने दिले किती आणि त्याच्यामुळे इतरांकडून घेतले गेले किती? ईश्वरनिष्ठा आणि देशनिष्ठा यांच्या थोर क्रमात जवळचे माणूस न कळत पायाशी जाऊन बसते.

टिळकांवर हा आरोप म्हणून ठेवणे सोपे आहे. लक्ष्मीबाईंनी तो ठेवलेला नाही. त्यांनी केले ते अधिक अवघड होते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परत गेल्या, पण लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळेओवळे पाळत राहिल्या. त्यांच्या मनातून जातिभेद गेला तो आधी, स्वतःच्या विचाराने. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. नवऱ्याच्या मागोमाग जाणारी पतिव्रता ही भूमिका त्यांनी नाकारली आणि आपला क्रम आपण लावला. तो टिळकांच्या उलट दिशेने लावलेला दिसतो. टिळक देशापासून निघून देवापाशी गेले आणि तिथून माणसांकडे वळले. लक्ष्मीबाई आधी समोरच्या माणसापाशी पोचल्या. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचे चालू लागले, आणि त्यातून देव आला. शेजाऱ्यावरील प्रेमाची आज्ञा देवावरील प्रेमाच्या आज्ञेसारखीच आहे असे येशू मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात म्हणतो. ‘सारखीच’ या शब्दाचा अर्थ लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात जितका उलगडतो तितका पुष्कळ भाष्यांतही उलगडत नाही.

६

गेल्या चार दशकांत मराठी समीक्षेत देशीयतेची चर्चा पुष्कळ झाली. भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या देशीवादाने साहित्याची मुळे त्याच्या भूमीत आणि भाषेत शोधण्याचा आग्रह धरला. त्या कसोटीला टिळक उतरतात, हे एव्हाना स्पष्ट झाले असावे. पण टिळकांच्या आणि रमाबाईंच्या निमित्ताने त्या कसोटीलाही एक प्रश्न विचारता येतो. देशी असणे हे मूल्य आहे. ते पहिले मूल्य आहे काय? जयगडची आख्यायिका अस्सल देशी आहे. तिची भूमी देशी, भाषा देशी, श्रद्धा देशी, आणि तिने मागितलेले रक्तही देशी. देशीपणाच्या कसोटीत तिच्यावर आक्षेप घेण्यासारखे काही सापडत नाही. आक्षेप घ्यावयाचा तर देशीपणाच्या वरचे काहीतरी हाताशी असावे लागते. दलित साहित्याने ते माणसाच्या प्रतिष्ठेत शोधले. अरविंद निर्मल यांच्यापासून पुढे आलेल्या दलित ख्रिस्ती धर्मविचाराने ते वधस्तंभावरच्या माणसात शोधले. त्याच्या मते तो माणूस बुरुज बांधणाऱ्यांच्या बाजूला नसून पायात चिणलेल्याच्या बाजूला आहे. या दोन शोधांची भाषा वेगळी आहे, पण त्यांचे बोट एकाच दगडाकडे आहे.

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने एक युक्तिवाद लावून धरला आहे. ख्रिस्ताचे बलिदान एकदाच आणि कायमचे झाले. आता आणखी बळी नको. हे वचन सामान्यतः याजकी कर्मकांडाच्या संदर्भात वाचले जाते. देशाच्या संदर्भात वाचले तर त्याला निराळीच धार येते. यापुढे कोणत्याही बुरुजासाठी, तो धर्माचा असो, राष्ट्राचा असो की प्रगतीचा, दुसऱ्याला पायात घालण्याचा अधिकार कोणालाही उरलेला नाही. स्वतः द्यावयाचे असेल तर माणूस मोकळा आहे. आज जयगडच्या खाडीतून कोळशाची जहाजे येतात, औष्णिक विद्युत केंद्र उभे आहे, बंदर वाढले आहे. देशाला वीज हवी आणि बंदरेही हवीत, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अशा प्रत्येक बांधणीच्या वेळी तो जुना प्रश्न नव्याने विचारणे हे देशप्रेमाच्या विरोधात जात नाही. देशाला पहिले स्थान न देणारा माणूसच तो न घाबरता विचारू शकतो, आणि देशाला त्याची गरज असते.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले तेव्हा मराठी ओवीत संपूर्ण ख्रिस्तचरित्र रचण्याचा त्यांचा संकल्प होता. पहिले दहा-अकरा अध्याय होऊन ते राहिले. देश, दरबार, कीर्तने, माणसे यांच्या धबडग्यात त्याला सवड झाली नाही आणि मग आयुष्यच सरले. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नव्हती; लिहिणेवाचणे त्या घरातच शिकल्या होत्या. १९३६ मध्ये त्या वारल्या आणि ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. या कामासाठी त्यांना कोणी पुढे केले नव्हते, कोणी आज्ञाही दिली नव्हती. ज्या घराला टिळकांच्या क्रमात शेवटचे स्थान मिळाले होते, तिथूनच त्यांच्या पहिल्या प्रेमाचा ग्रंथ पुरा झाला.